पुलाशेजारचं बाळंतपण

(हॉलंडच्या उत्तरेचा फ्रिसलंड प्रांत. कालव्यावरचा उघडझाप होणारा पूल, आणि त्याला लागून पूलवाल्याचं दोन खोल्यांचं घर. जर्मन अंमलाचं चौथं वर्ष, १९४३ चा ऑक्टोबर.)

यूदिक : ...म्हणून मी उद्याच निघते, मावशी. दोन महिने तुम्ही आणि काकांनी माझ्यासारख्या ज्यू बाईला लपवलंत, तेच खूप झालं.

बाउके : बस खाली. निघते म्हणे. निघून जाणार कुठं?

यूदिक : ज्या पाद्रीबाबांनी मला इथं आणून सोडलं, त्यांनाच विचारीन.

बाउके : काय विचारणार? पोट कुठं ठेवू म्हणून? कितवा आहे?

यूदिक : चौथा संपत आलाय. सिमोनला अॅमस्टरडॅममधून धरून नेलं ना, त्याच्या जरा आधीचं. त्याला ठाऊकही नाही. मलाच इथं आल्यावर कळलं.

रिन्स : बाउके, पोरीचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. मोठं माणूस लपवता येतं. पाय न वाजवता चालतं, खोकला आला तर उशीत तोंड खुपसतं. तान्हं मूल कुणाच्या बापाचं ऐकणार आहे? पुलावरून दिवसाला पन्नास माणसं जातात. त्यात जर्मन शिपायांच्या सायकली.

बाउके : रडलं तर रडू दे की.

रिन्स : अगं, ऐकू जाईल!

बाउके : ज्या घरात मूल असतं तिथून रडणं ऐकू आलं, तर दार कोण वाजवतं?

रिन्स : पण आपल्या घरात मूल नाही. लग्नाला वीस वर्षं झाली, अख्ख्या गावाला माहीत आहे.

बाउके : मग आता अख्ख्या गावाला कळू दे, होणार आहे म्हणून.

रिन्स : कुणाला?

बाउके : मला. आणखी कुणाला?

रिन्स : बाउके, तू चव्वेचाळीस वर्षांची आहेस.

बाउके : माझ्या आत्याला सेहेचाळिसाव्या वर्षी जुळी झाली.

रिन्स : तिला आधीची नऊ होती! तिच्या हाताखालून गेलेलं काम होतं ते.

बाउके : डॉक्टर आपल्यातले आहेत. ते दाखला देतील. दाखल्यावर दुधाची जादा कुपनं मिळतात, ती हिच्या पोटात जातील. आता उरलास तू. तुला जमत नसेल तर तसं सांग.

रिन्स : मला न जमायला काय झालं? मी काय... यूदिक, तू हसतेस?

यूदिक : नाही काका. रडतेय.

रिन्स : दोन्ही बिनआवाजी करतेस, कळायचं कसं माणसाला?

*

रिन्स : पुढच्या रविवारपासून मी चर्चला एकटा जाणार नाही. सांगून ठेवतो.

बाउके : का? काय झालं?

रिन्स : सगळा जानेवारी हेच चाललंय. आज तो सुतार, चारचौघांत, दारातच म्हणतो, "काय रिन्स, पूल वीस वर्षं गंजून बंद होता, आता उघडला कसा?"

यूदिक : मग तुम्ही काय म्हणालात?

रिन्स : काय म्हणणार? म्हटलं, तेल घातलं. ही बघ, आता मात्र हसतेय. हे हसणंच आहे, ओळखायला लागलो मी.

बाउके : तुझं मेलं बोलण्यावर भागतं. माझं बघ. पलीकडच्या काठावरची सीत्स्के काल दुकानात हात पुढं करून म्हणाली, "बघू गं, मूल हलतंय का?" मी तिच्या हातावर चापट मारली.

रिन्स : चापट?

बाउके : म्हटलं, दृष्ट लागते. आता गावभर सांगत सुटली असेल, बाउकेला म्हातारपणी डोहाळे कसले लागलेत, तर मारझोडीचे.

यूदिक : जरा उभ्या राहा, मावशी. डावीकडचा पट्टा सैल झालाय. आणि पोटाच्या पिशवीत कालची, शनिवारची भर घालायची राहिली. दोन मुठी बार्ली घालते.

रिन्स : टोप्या शिवायचीस ना तू अॅमस्टरडॅमला? पोटही काय झकास शिवलंयस! माझाच विश्वास बसायला लागलाय. काल तिला पाण्याची बादली उचलू दिली नाही मी.

बाउके : हो, आणि ही खरी पोटुशी खाली बसून बटाटे सोलत होती, तिला विचारलंस का बस की उठ?

रिन्स : हिचं पोट मला दिसतच नाही. तुझंच दिसतं.

यूदिक : मावशी, एक बोलू? परवा दुपारी तुमचा डोळा लागला होता, तेव्हासुद्धा तुमचा हात पोटावर होता. असा, खालून धरलेला.

बाउके : सवय. सोंग काढलं की झोपेतही काढावं लागतं.

यूदिक : रागवू नका. मी त्यासाठी नाही म्हटलं.

बाउके : बार्ली आहे ती. मला कळतं. कधीतरी तिचीच लापशी शिजवून संपवायचीय.

यूदिक : हात द्या इकडं. नाही, असा नाही, सपाट. थांबा... कळलं?

बाउके : अगं बाई.

यूदिक : सकाळपासून चाललंय. आज तर नुसता धिंगाणा.

बाउके : रिन्स. रिन्स, इकडं ये.

रिन्स : मी कशाला? बरं दिसत नाही ते.

यूदिक : या हो काका. गावात एवढं ऐकून घेताय याच्यापायी, निदान ओळख तरी करून घ्या.

*

बाउके : डॉक्टर म्हणतात, आता फार वेळ नाही. धर माझा हात. आवळ, जोरात आवळ. आणि पोरी, ओरड.

यूदिक : नको.

बाउके : अगं, आज चालतंय! आज ओरडायचाच दिवस आहे. स्वयंपाकघरात सीत्स्के पाणी तापवत बसलीय. दोन तास झाले, एक हूं नाही की चूं नाही. ती म्हणेल, ही बाई बाळंत होतेय की भरतकाम करतेय?

यूदिक : येतच नाही, मावशी. तोंड उघडते... आवाज येत नाही. सात महिने... विसरलेय मी.

रिन्स : (दाराबाहेरून) बाउके! सीत्स्के विचारतेय, सगळं ठीक आहे ना? म्हणते, इतकी शांतता बरी नाही. आत येऊ का म्हणते.

बाउके : तिला हलू देऊ नकोस! यूदिक, ऐकलंस? ओरड.

यूदिक : नाही होत. तुम्हीच... तुम्हीच ओरडा.

बाउके : मी? मी कशी... बरं. बरं, तू हात आवळलास की मी ओरडते. चल. आई गं! आई गं, मेले! रिन्स! अरे मेल्या, कुठं फेडशील हे!

रिन्स : (दाराबाहेरून) इथंच आहे गं मी!

बाउके : तोंड बघू नकोस माझं पुन्हा! वीस वर्षं गप होतास तेच बरं होतं! आई गं!

यूदिक : मावशी, हसवू नका... मला... आई! आई! सिमोन!

बाउके : सिमोन नाही! रिन्स म्हण, रिन्स!

यूदिक : रिन्स! रिन्सकाका!

बाउके : काका नको! नुसतं रिन्स!

यूदिक : रिन्स! रिन्स! आई गं! मला नाही जमत!

बाउके : जमतंय. जमतंय, माझे राणी. आता सगळा आवाज काढ. सात महिन्यांचा काढ. कालव्याच्या पलीकडे जाऊ दे. डोकं दिसतंय, डॉक्टर? दिसतंय? यूदिक, डोकं दिसतंय!

*

रिन्स : नोंद झाली. कचेरीतल्या कारकुनानं दोनदा हात मिळवून अभिनंदन केलं. पाद्रीबाबा आणि पाववाला, दोघे साक्षीला. यूदिक, झोप झाली का?

यूदिक : झाली. नाव काय घातलंत?

रिन्स : आमच्या रीतीप्रमाणं बाउकेच्या आईचं, फ्राउके, घालायला हवं होतं. सगळे तेच धरून चालले होते. मी सांगितलं, हान्ना.

यूदिक : माझ्या आजीचं? कसं ठाऊक तुम्हाला?

रिन्स : परवा बाळंतखोलीत बरंच काय काय ऐकू येत होतं. मध्येच तू आजीला हाक मारलीस.

बाउके : आणि लोकांना शंका आली म्हणजे?

रिन्स : कसली शंका? बायबलातली हान्नाही वर्षानुवर्षं वाट बघूनच आई झाली ना? पाद्रीबाबा तिथल्या तिथं मोठ्यानं म्हणाले, वा, याहून योग्य नाव नाही.

यूदिक : आणि आईच्या रकान्यात?

रिन्स : आईच्या रकान्यात बाउके. दुसरं काय लिहिणार, पोरी? लेखणी तर कारकुनाच्या हातात होती.

यूदिक : बरोबर आहे. मी सहज विचारलं.

बाउके : घे तिला. भूक लागलीय. रकान्यात माझं नाव असलं तरी तिला कळतं हो, कुणाकडं दूध आहे ते.

*

बाउके : ये वर. गेले ते. हळू, फळीला डोकं लागेल. रिन्स, दे तिला हात.

यूदिक : आधी हान्ना. हान्नाला द्या.

बाउके : ही घे. पी बाई पी, पोटभर पी. दीड तास भुकेजलं आहे लेकरू.

रिन्स : अंगठ्याचं नख निळं झालंय तुझं, यूदिक. दातांनी चावलंस काय?

यूदिक : मला सगळं ऐकू येत होतं. तुमच्या या भिंतीतल्या कपाटासारख्या पलंगाखालच्या खड्ड्यात मी पडलेली, वर ही रडतेय. माझं दूध वाहून सगळे कपडे भिजले, आणि मी एक बोट हलवू शकत नव्हते. ते एवढा वेळ काय करत होते?

रिन्स : पोटमाळा उपसला. कोंबड्यांचं खुराडं उपसलं. तिघे होते, जर्मन एकही नाही. सगळे आपलेच, जर्मनांकडून बंदूक घेतलेले. त्यात तो सीत्स्केचा भाचा, लहानपणी आमचे पेर चोरणारा. शेवटी म्हणाला, आता तेवढा भिंतीतला पलंग बघायचा राहिला.

यूदिक : ते ऐकलं मी. त्याच्या बुटाचा आवाज अगदी कानाशी आला. आणि मग तो थांबला. का थांबला?

रिन्स : तिलाच विचार.

बाउके : काही नाही. तो म्हणाला, काकू, हे मूल केव्हाचं रडतंय, पाजत का नाही? म्हटलं, पाजते की. पलंगाच्या काठावर बसले, आणि सोडली बटणं. गळ्यापासून कमरेपर्यंत, सगळी.

रिन्स : आमच्याकडं बाई चर्चमध्ये हातमोजा काढतानासुद्धा आडोसा बघते.

बाउके : तिघेही गर्रकन वळले. कान लाल. भाचा म्हणाला, "चला रे, इथं काही नाही." काय बघितलं असेल त्यानं? इथून तिथून गव्हाचं रिकामं पोतं.

यूदिक : मावशी...

बाउके : हान्नानं मात्र तोंड लावलं आणि वर बघितलं माझ्याकडं. असं बघितलं की, बाई गं, तूसुद्धा फसवतेस? ते जास्त लागलं मला. बंदुकीपेक्षा.

*

यूदिक : स्पष्टच विचारते, मावशी. एप्रिलात कॅनडाचे सैनिक आले, लढाई संपली, आता जूनही सरत आला. मी जायचं म्हटलं की तुम्ही दर वेळी एक कारण काढता.

बाउके : कारण कसलं? शहरात लोक हिवाळ्यात ट्यूलिपचे कांदे खाऊन जगले. तिथं सव्वा वर्षाचं पोर घेऊन जाणार? तुझ्या घरात दुसरेच लोक राहायला आलेत म्हणतेस. तू जा पुढं, बिऱ्हाड मांड, मग हान्नाला ने. मी काय वाईट बोलले?

यूदिक : माझ्या मैत्रिणीनं एक खोली दिलीय, त्याच रस्त्यावर. मला तिथं असायला हवं. सिमोनचं नाव जिवंत असलेल्यांच्या यादीत नाही, आणि मेलेल्यांच्याही नाही. आला तर तो त्याच रस्त्यावर येईल. त्याला माझ्याबरोबर मुलगी दिसायला हवी.

बाउके : आला तर.

रिन्स : बाउके!

यूदिक : बोलू द्या त्यांना, काका. आज होऊनच जाऊ दे. मावशी, हान्ना तुम्हाला "मेम" म्हणते. तुमच्या बोलीत मेम म्हणजे आई, एवढं मला कळतं. लढाई होती तोवर ते बरोबरच होतं. तिनं मला तशी हाक मारलेली कुणी ऐकली असती तर सगळेच मेलो असतो. पण आता? रोज दुपारी तुम्ही तिला घेऊन खुराड्यामागं जाता. तासभर येत नाही. आल्यावर ती माझ्याकडं टक लावून बघत बसते, जशी मी कोणी पाहुणी. काय शिकवता तिला तिथं?

बाउके : काही नाही. कोंबड्या दाखवते.

रिन्स : सांगून टाक. नाहीतर मी सांगतो. पुलाच्या चाकाशी उभं राहिलं की खुराड्याची मागची बाजू दिसते.

बाउके : तू गप बस.

रिन्स : नाही बसत. यूदिक, ती तुझ्याकडं बोट करते. तू दोरीवर कपडे वाळत घालत असतेस, आणि ही खुराड्याच्या कोपऱ्यावरून पोरीला दाखवते, "ती बघ मेम. मेम कुठाय? तिकडं. आणि मी कोण? मी बाऊ." रोज. पोरगी रडते, हिला चिकटते. ही तिचे हात सोडवते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

यूदिक : मावशी?

बाउके : देवमाणूस करू नका मला. सुरुवातीचे पंधरा दिवस मी उलटंच शिकवत होते. सगळे पुलावर झेंडे घेऊन नाचत होते, आणि मी तिला खुराड्यामागं नेऊन म्हणत होते, मेम म्हणजे मी, फक्त मी. पाद्रीबाबांनाही विचारून आले, आई वाचली पण बाप नाही, तर मूल कुणाचं?

यूदिक : मग?

बाउके : मग तू एकदा अंगणात आलीस. पहिल्यांदाच भर उन्हात, एकटी. हान्ना दाराशी खेळत होती. तू तिला उचलायला वाकलीस, आणि आधी मागं वळून माझ्याकडं बघितलंस. उचलू का, असं. स्वतःच्या मुलीला. त्या दिवसापासून धडा बदलला.

यूदिक : मला वाटलं, तुम्ही तिला माझ्यापासून...

बाउके : ते तू बरोबरच ओळखलंस. फक्त महिनाभर उशिरा. काल तिनं मला पहिल्यांदा आपणहून बाऊ म्हटलं. म्हटलं, चला, शिकवणी फुकट गेली नाही.

रिन्स : आणि मी गेल्या आठवड्यात कचेरीत जाऊन आलो. तुम्हा दोघींनाही सांगितलं नव्हतं.

यूदिक : कशाला?

रिन्स : खोटी नोंद केली होती ती कबूल करायला. कारकून तोच. म्हणतो, "रिन्स, हा गुन्हा आहे." म्हटलं, आहेच मुळी, शिक्षा काय ते लिही, पण आईचं नाव दुरुस्त कर. त्यानं नाक पुसलं आणि अर्ज दिला. तीन पानी आहे. तुझी सही हवी, यूदिक.

*

बाउके : डबा वरच ठेवलाय, दडपू नकोस. राईचा पाव आहे, अंडी उकडलेली आहेत. बोटीत वारा लागेल, तिचे कान झाक.

यूदिक : झाकते.

बाउके : खोकला झाला तर कांद्याचा रस आणि साखर. साखर मिळाली नाही तर कळव. आणि झोपताना डावा कान चोळल्याशिवाय झोपत नाही ती.

यूदिक : माहीत आहे, मावशी.

बाउके : तुला माहीत असणारच. मी आपली उगाच. भोंगा झाला, चढ. जा गं बाई, जा.

यूदिक : मावशी, मला काय म्हणायचं ते... काका, मला बोलताच येत नाहीये.

रिन्स : नको बोलूस. तुझं न बोललेलं आम्हाला ऐकू येतं. खूप सराव झालाय.

यूदिक : नाताळात येते. हान्ना, बाऊला हात कर. असा. बघा, करतेय!

बाउके : बघितलं. बघितलं गं माझे राणी. धर तिला नीट.

रिन्स : सुटली बोट.

बाउके : दिसतंय मला.

रिन्स : चल आता. पूल पोरासोरांवर सोडून आलोय.

बाउके : तू हो पुढं.

रिन्स : बाउके, कारकून एक म्हणाला, ते सांगायचं राहिलं. नुसत्या सहीनं होत नाही म्हणे. कागद कोर्टात जातो, शिक्का बसून परत येतो. तोवर वहीत जुनीच नोंद चालते. ती आपलीच मुलगी.

बाउके : किती दिवस?

रिन्स : सहा महिने तरी. वर्षही लागतं म्हणाला. मी म्हटलं, जरा लवकर बघा.

बाउके : असं कशाला म्हणालास? सरकारी काम आहे, करू दे त्यांना सावकाश.